आधी फट, मग पडदा, शेवटी काच

निफाडचा पारा 5 अंशांखाली गेला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि त्याची बातमी होते. त्याच रात्री नाशिक-धुळ्याच्या घरांत माणसे दोन-दोन पांघरुणे घेऊन कुडकुडत असतात. घर गार पडते अशी तक्रार केली की हल्ली एकच सल्ला मिळतो: दुहेरी काच बसवून घ्या. दुहेरी काच उपयोगी आहे, यात शंका नाही. पण तिथून सुरुवात करणे म्हणजे सर्वांत महाग उपाय सर्वांत आधी करणे.

हिशेब सोपा आहे. दीड मीटर रुंद आणि 1.2 मीटर उंच अशी खिडकी घ्या. आत 20 अंश, बाहेर 8 अंश. साध्या एकेरी काचेतून अशा वेळी सुमारे 120 वॅट उष्णता बाहेर जाते. साधी दुहेरी काच बसवली तर ती निम्म्यावर येते. आता फटी मोजा. सरकत्या खिडकीच्या चारी कडा आणि दोन पल्ले मिळतात ती उभी रेघ धरून साडेसहा मीटर लांबी होते. तिथे सरासरी दोन मिलिमीटर फट असेल, तर ते भिंतीला साडेअकरा सेंटीमीटर लांबी-रुंदीचे भोक पाडल्यासारखे झाले. 30 घनमीटरच्या खोलीतली हवा अशा वाटांनी तासाला एकदा जरी बदलली, तरी पुन्हा 120 वॅट जातात. म्हणजे ही गळती निम्मी रोखली, तर दुहेरी काचेइतकाच फायदा अगदी थोड्या खर्चात पदरात पडतो. शिवाय काच दुहेरी आणि चौकट साध्या अ‍ॅल्युमिनियमची असेल, तर चौकट उष्णता वाहून नेतच राहते. हा धातू लाकडाच्या हजारपटीहून अधिक उष्णतावाहक आहे.

सरकत्या खिडकीच्या पल्ल्यांच्या कडेला केसाळ पट्टी असते. धुळीने आणि घासून ती काही वर्षांत बसते, आणि वारा तिथूनच आत येतो. फॅब्रिकेटरकडून ती बदलून घ्यावी. चौकट आणि भिंत यांमधली भेग सिलिकॉनने भरावी. खालच्या ट्रॅकमधली बारीक भोके मात्र बुजवू नयेत, पावसाचे पाणी त्यांतूनच बाहेर जाते. त्यानंतर पडद्याकडे वळावे. काचेलगतची हवा गार होऊन खाली उतरते. पडदा आखूड आणि भिंतीपासून सुटा असेल, तर खोलीतली ऊबदार हवा वरून आत शिरते आणि गार होऊन खालून बाहेर पडते. म्हणून पडदा जाड, दोन्ही बाजूंनी भिंतीला टेकणारा, खिडकीच्या खाली उतरणारा हवा. वरची बाजूही झाकलेली बरी. दिवसा दक्षिणेच्या खिडकीवरचा पडदा बाजूला सारावा. डिसेंबरअखेर नाशिकला भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम 46 अंश वर असतो, त्यामुळे ऊन खोलीत आतवर येते. दिवस मावळताच पडदा ओढून घ्यावा.

आपल्याकडे हीटर नाहीत, मग वाचवायचे काय, असे कोणी विचारील. हीटर नाही म्हणूनच जपायचे. भिंतींत दिवसभर साठलेली ऊब आणि माणसांच्या अंगची उष्णता एवढेच आपले भांडवल. स्वस्थ बसलेला माणूस सुमारे 100 वॅट उष्णता देतो. एका गळक्या खिडकीच्या फटींतून तेवढी सहज निघून जाते. थंडी दोनच महिने असते, हाही आक्षेप खरा. पण बुजवलेली फट धूळ, आवाज आणि उन्हाळ्यातली गरम हवाही अडवते. तिसरा आक्षेप हवा कोंडण्याचा, आणि तो सर्वांत गंभीर आहे. कोळशाची शेगडी आणि गॅस गीझर यांतून कार्बन मोनॉक्साइड निर्माण होऊ शकतो. त्याला ना रंग ना वास, आणि तो जीव घेतो. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांची वायुवीजनाची वाट कधीही बंद करू नये, बंद खोलीत शेगडी ठेवू नये. बाकीच्या खोल्या सकाळी उन्हाच्या वेळी थोडा वेळ उघडाव्यात. हवा हवीच, पण ती आपण ठरवू तेव्हा यावी, रात्रभर फटीतून नव्हे.

तेव्हा दुहेरी काचेचे दरपत्रक मागवण्याआधी एका वाऱ्याच्या संध्याकाळी पंखे बंद करा, पडदे बाजूला करा आणि पेटलेली उदबत्ती खिडकीच्या कडेने सावकाश फिरवा. धूर जिथे एकदम वळेल, पहिला खर्च तिथेच करा.