कोलेस्टेरॉल वाढलंय? फक्त गोश्तला दोष देऊ नका

रिपोर्टमध्ये कोलेस्टेरॉल वाढलेलं दिसलं की आपल्या घरांत पहिला आरोप गोश्तवर येतो. हे अर्धंच खरं आहे. मटणाची चरबी, वनस्पती तूप आणि मलई यांनी वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, वाढतं. ट्रायग्लिसराइड्स मात्र साखर आणि मैद्यानेही वाढतात, कारण जादा साखरेची यकृत चरबी बनवतं. म्हणून गोश्त बंद आणि शरबत, नानखटाई, शीरखुर्मा चालू, याला परहेज म्हणत नाहीत.

उपाशीपोटी ट्रायग्लिसराइड्स 150 च्या आत असावेत. 500 च्या वर गेले तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, तेव्हा लगेच डॉक्टरांना दाखवा.

आपण काय करू शकतो?

- मटणाची चरबी आधीच काढा. सालन थंड करून वर गोठलेला थर काढून टाका.
- आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली खा, पण तळून नको.
- मसूर, चणे, भेंडी, ओट्स, इसबगोल यांतले तंतू पित्ताला बांधून बाहेर नेतात. नवं पित्त बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं.
- नान-पावाऐवजी ज्वारीची भाकरी घ्या.
- इफ्तारला एक-दोन खजूर, फळं, उकडलेले चणे ठेवा. समोसे-भजी रोज नकोत.

अब्बांसाठी वेगळं पातेलं चढवलं तर ते चार दिवस टिकतं. सगळ्या घराने एकच जेवण घेतलं तर सवय होते. आणि हो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या बंद करू नका.