रुग्णाला विचारलेले दहा प्रश्न

सोरायसिस हा त्वचारोग किती तीव्र आहे हे ठरवायला 1978 साली फ्रेडरिक्सन आणि पेटरसन यांनी ‘पासी’ ही पद्धत दिली. चट्ट्यांची लाली, जाडी, खपल्या आणि त्यांनी व्यापलेलं अंग यांवरून 0 ते 72 असा आकडा काढायचा. त्यामुळे संशोधनाला शिस्त आली. पण तळपायाला भेगा पडून चालणं अवघड झालेल्या माणसाचा आकडाही लहानच यायचा.

ही उणीव भरून काढण्याच्या प्रयत्नांत 1994 हे वर्ष महत्त्वाचं ठरलं. वेल्समधल्या कार्डिफला अँड्र्यू फिनले आणि जी. के. खान यांनी 120 त्वचारुग्णांना विचारलं, या आजारानं तुमच्या जगण्यात काय बदललं? त्या उत्तरांतून दहा प्रश्नांची ‘डीएलक्यूआय’ ही प्रश्नावली तयार झाली. गेल्या आठवड्यात खाज किती होती, लाज किती वाटली, कपडे निवडताना अडलं का, कामावर आणि जोडीदाराशी नात्यात त्रास झाला का? कमाल गुण 30. पुढे 2005 साली फिनले यांनी सुचवलं की अंगाचा 10 टक्क्यांहून जास्त भाग व्यापला असेल, किंवा ‘पासी’ वा ‘डीएलक्यूआय’ 10 च्या वर असेल, तर सोरायसिस तीव्र समजावा. रुग्णाचं सांगणं तपासणीच्या बरोबरीला आलं.

याच काळात सोरायसिस हा प्रतिकारशक्तीच्या बिघाडातून होणारा, सांध्यांनाही ग्रासणारा आणि हृदयविकाराशी नातं असलेला आजार आहे, हे स्पष्ट होत गेलं. जैविक औषधं आली. 2014 साली जागतिक आरोग्य सभेनं सोरायसिसवर ठराव केला आणि रुग्णांना मिळणाऱ्या भेदभावाच्या वागणुकीची दखल घेतली.

तरी ‘डीएलक्यूआय’चे दहा प्रश्न पुरे पडत नाहीत. ल्यूपस हाही प्रतिकारशक्तीच्या बिघाडातून होणारा आजार; त्यात उन्हात जाता येत नाही, थकव्यानं दिवस वाया जातो. त्या थकव्याबद्दल प्रश्नावलीत एकही प्रश्न नाही. त्वचा कडक करणाऱ्या स्क्लेरोडर्मात बोटं आखडतात, तोंड पुरतं उघडत नाही, घास घेणंही कठीण होतं.

आपल्याकडे तर अंगावरचे चट्टे पाहून लोक संसर्गाच्या भीतीनं दूर सरकतात, मुलीचं लग्न अडतं. सोरायसिस किंवा ल्यूपस स्पर्शानं पसरत नाही, हे वारंवार सांगावं लागतं. ओपीडीत गर्दी असते, हे खरं. पण ‘झोप लागते का? घराबाहेर पडता का?’ एवढं विचारायला यंत्र लागत नाही. ही उत्तरं प्रत्येक केसपेपरवर रक्ताच्या अहवालाइतक्याच काळजीनं नोंदवली गेली पाहिजेत आणि औषध ठरवताना वाचलीही गेली पाहिजेत.