तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली वेदना

गोव्याहून फत्तेपूर सिक्रीला पोहोचलेल्या जेझुइट पाद्र्यांनी मार्च 1580 मध्ये अकबराला बहुभाषी बायबलचे भले थोरले खंड नजर केले. रोडोल्फो अक्वाविवा त्यांचे प्रमुख. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्या आश्रयाने अँटवर्पला छापलेल्या या ग्रंथातली कोरीव चित्रे दरबारी चित्रकारांच्या फार उपयोगी पडली.

या चित्रांसाठी गुळगुळीत तांब्याच्या पत्र्यावर पोलादी कोरणी तळहाताने पुढे रेटत. वळण आले की पत्राच फिरवत. मग रेघांत शाई भरून वरचा भाग पुसायचा आणि ओलसर कागद ठेवून पत्रा रुळांतून काढायचा. सावली रंगाची नाही, एकमेकींना छेदणाऱ्या दाट रेघांची. एका पत्र्यातून शेकडो प्रती निघत, म्हणून येशूचे क्रूसावरचे दुःख गलबतातून कुठेही जाऊ शके.

जर्मन चित्रकार ड्यूररने 1511 साली असाच एक क्रूसप्रसंग कोरला. त्यात क्रूसाशेजारी हात गच्च गुंफून उभा असलेला संत योहान आहे. मोगल दरबारातल्या तेरा वर्षांच्या अबुल हसनने 1600च्या सुमारास फक्त योहान रेखाटला. क्रूस गेला, येशू गेला. उरला तो शोक करणारा माणूस. हे रेखाटन आज ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे.

अकबराला मिळालेल्या त्या बायबलच्या मुखचित्रात सिंह, बैल, लांडगा आणि कोकरू एकत्र नांदतात. हा विषय मोगलांनी सत्तेकडे वळवला. जहांगीर इराणच्या शाह अब्बासला मिठी मारतो त्या चित्रात दोघे पृथ्वीगोलावर उभे आहेत. जहांगीर सिंहावर, शाह मेंढीवर. आणि सिंह मेंढीला हळूच बाजूला सारतो. हे चित्रही अबुल हसनचेच. परक्या धर्माच्या चित्रभाषेतून त्याने पोरवयात दुःख उचलले, नाव झाल्यावर दरारा.

गोव्यात मात्र हे दोन्ही कागदावर राहिले नाही. पोर्तुगिजांनी देवळे पाडल्याने चिडलेल्या कुंकळ्ळीच्या लोकांनी जुलै 1583 मध्ये अक्वाविवा आणि त्यांच्या सोबत्यांना मारले. पोर्तुगिजांनी गावच्या पुढाऱ्यांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून त्यांची कत्तल केली. चर्चने अक्वाविवांना 1893 साली धन्य घोषित केले. त्या पुढाऱ्यांचे स्मारक कुंकळ्ळीत उभे राहायला एकविसावे शतक उजाडले. वेदना दोन्हीकडे होती. तिची प्रतिमा घडवून जगभर धाडण्याची सोय एकाच बाजूकडे होती.