रुग्णवाहिकेवरील सेवक आणि तंबाखूमुक्ती

टिटवाळा हे मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावरील, कल्याणपासून दहा-अकरा किलोमीटर अंतरावरचे गाव. महागणपतीच्या देवस्थानामुळे त्याचे नाव महाराष्ट्रात घरोघरी परिचित आहे. अंगारकी चतुर्थीला येथे पहाटेपासून दर्शनार्थींच्या रांगा लागतात. मांडा-टिटवाळ्याचा भाग आज कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीत असून तेथे चाळींच्या शेजारी उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. थोडे पुढे गेले की मात्र गोवेली, रायते, घोटसई यांसारखी ग्रामपंचायतींची गावे लागतात. अशा परिसरात दर्शनाच्या रांगेत एखादी वृद्धा भोवळ येऊन पडली, लोहमार्गाजवळ अपघात झाला, शेतावर कोणाला सर्पदंश झाला किंवा अपरात्री प्रसूतीच्या कळा सुरू झाल्या, तर घरच्या मंडळींना प्रथम आठवतो तो १०८ हा क्रमांक.

महाराष्ट्रात ही आपत्कालीन वैद्यकीय सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. प्रारंभी तिच्यासाठी ९३७ रुग्णवाहिका उपलब्ध करून देण्यात आल्या. त्यांपैकी २३३ रुग्णवाहिका प्रगत जीवरक्षक साधनांनी, तर ७०४ मूलभूत साधनांनी सज्ज होत्या. वाहनावर एक डॉक्टर व एक चालक अशी जोडी असावी, अशी या सेवेची रचना ठरविण्यात आली. वाहनात कोणती साधने आहेत, ते किती मिनिटांत पोहोचले, याची चर्चा गावोगाव होते. वाहनावरील माणसांच्या प्रकृतीचा विचार मात्र क्वचितच होतो. त्या विचारातील एक महत्त्वाचा भाग म्हणजे तंबाखूचे व्यसन आणि त्यापासून मुक्ती.

प्रतीक्षेचे तास

रुग्णवाहिकेवरील काम म्हणजे अखंड धावपळ, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात या कामाचा मोठा भाग प्रतीक्षेचा असतो. दूरध्वनी येईपर्यंत वाहन ठरलेल्या जागी उभे राहते. बाहेर जाता येत नाही, स्वस्थ झोपता येत नाही, जेवणाची वेळही निश्चित नसते. मग अकस्मात निरोप येतो आणि पुढचा तास-दीड तास क्षणाचीही उसंत मिळत नाही. रुग्णाला रुग्णालयाच्या स्वाधीन केले, वाहन स्वच्छ केले, नोंदी पूर्ण केल्या की पुन्हा तीच प्रतीक्षा. एखाद्या वेळी रुग्ण वाचत नाही. कधी तो रुग्ण लहान मूल असते. त्यानंतरची दहा मिनिटे फार कठीण असतात.

तंबाखू शिरते ती या दोन फटींतून. प्रतीक्षेच्या वेळी ती सोबतीला येते आणि कठीण प्रसंगानंतर आधार म्हणून येते. पानटपरी जवळच असते, चहाबरोबर विडी-सिगारेट पेटते, किंवा तळहातावर तंबाखू-चुना मळला जातो. सहकाऱ्याने पुढे केलेली चिमूट नाकारणे हे मैत्री नाकारण्यासारखे वाटते. रात्रपाळीत झोप दूर ठेवण्याचे निमित्तही पुरेसे ठरते. ही सवय दुर्बल मनाची खूण आहे, असे मानून केलेला उपदेश म्हणूनच फारसा उपयोगी पडत नाही. सवय जेथे रुजली, त्या कामाच्या रचनेकडेही पाहावे लागते.

तलफ म्हणजे काय?

तंबाखूने ताण हलका होतो, असा अनुभव अनेक जण सांगतात. त्यामागचे शास्त्र समजून घेतले पाहिजे. धुराबरोबर ओढलेले निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते आणि क्षणभर बरे वाटते. परंतु रक्तातील त्याचे प्रमाण सुमारे दोन तासांत निम्म्यावर येते. सवय झालेल्या मेंदूला ही घट सहन होत नाही. चिडचिड, अस्वस्थता, लक्ष न लागणे ही लक्षणे दिसू लागतात. यालाच आपण तलफ म्हणतो. दुसरी सिगारेट ओढली की ही अस्वस्थता शमते आणि माणसाला वाटते की कामाचा ताण शमला. वस्तुतः शमलेली असते ती आधीच्या सिगारेटने निर्माण केलेली अस्वस्थता. कामाचा ताण होता तेथेच राहतो.

रुग्णवाहिकेवरील सेवकाच्या बाबतीत या गोष्टीला अधिक महत्त्व आहे. तलफ वेळ पाहून येत नाही. रुग्णाच्या छातीवर दाब देत असताना किंवा गर्दीतून वाहन काढत असतानाही ती येऊ शकते. शिवाय धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो. साहजिकच रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते. उद्वाहन नसलेल्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरून रुग्णाला झोळीत घालून उतरविताना ही उणीव जाणवल्याशिवाय राहत नाही.

धूर नसलेली तंबाखू

'धूम्रपान' या शब्दामुळे महाराष्ट्रात प्रश्नाचा अर्धाअधिक भाग नजरेआड होतो. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करत होते. धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण त्यात केवळ ३.८ टक्के होते, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. तंबाखू-चुना, गुटखा, मावा, मशेरी ही तिची रूपे. २००९-१० च्या सर्वेक्षणात एकूण प्रमाण ३१.४ टक्के होते. म्हणजे घट झाली आहे, पण काम संपलेले नाही. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे.

रुग्णवाहिकेवरील सेवक याच समाजातून येतात. सिगारेट न ओढणारा चालक गालात तंबाखूची गोळी धरून वाहन चालवीत असेल, तर त्याला धूम्रपान न करणारा म्हणून सोडून देणे चुकीचे ठरेल. या तंबाखूतील निकोटिन तोंडाच्या अस्तरातून सावकाश शोषले जाते व रक्तात अधिक काळ टिकते. त्यामुळे हे व्यसनही तितकेच चिवट असते. मुखाच्या कर्करोगाशी असलेला तिचा संबंध तर आता निर्विवाद आहे.

प्राणवायूच्या शेजारी ठिणगी

आरोग्याच्या हानीखेरीज एक तातडीचा धोकाही येथे आहे. रुग्णवाहिकेत प्राणवायूचे सिलिंडर असतात. प्राणवायू स्वतः जळत नाही, परंतु तो जळणाऱ्या वस्तूचा जोर अनेक पटींनी वाढवितो. बंद वाहनात प्राणवायूची गळती झाली, तर तो चादरी, गाद्या व अंगावरील कपड्यांत साचून राहतो. अशा वेळी एक ठिणगीसुद्धा अनर्थाला पुरेशी होते. रुग्णवाहिकेच्या आत व जवळपास काडी न पेटविण्याचा नियम जिवाशी निगडित आहे. तो सेवकांप्रमाणेच रुग्णाच्या नातेवाइकांनाही लागू आहे.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. सिगारेट व अन्य तंबाखू उत्पादने अधिनियम, २००३ अन्वये सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करण्यास मनाई असून २ ऑक्टोबर २००८ पासून त्याविषयीचे सुधारित नियम अमलात आले. रुग्णालयांच्या इमारती व सार्वजनिक वाहने यांचा सार्वजनिक ठिकाणांत समावेश होतो. शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थांच्या विक्रीलाही याच अधिनियमाने मनाई केली आहे.

डॉक्टरांनी घालून दिलेला धडा

वैद्यकीय व्यवसायातील व्यक्तींनी स्वतः तंबाखू सोडण्याचे महत्त्व इंग्लंडमधील एका प्रसिद्ध अभ्यासातून दिसून आले. डॉ. रिचर्ड डॉल व ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ मध्ये ब्रिटिश डॉक्टरांना त्यांच्या धूम्रपानाविषयी प्रश्नावली पाठविली. उत्तरे देणाऱ्यांपैकी ३४,४३९ पुरुष डॉक्टरांचा मागोवा पुढे ५० वर्षे घेण्यात आला. आयुष्यभर सिगारेट ओढणाऱ्यांचे आयुष्य सरासरीने सुमारे १० वर्षांनी घटते, असा निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याहून मोलाची गोष्ट पुढची होती. साठाव्या वर्षी सिगारेट सोडणाऱ्यांनी सुमारे ३ वर्षे, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी ६, चाळिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी ९ आणि तिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी जवळजवळ १० वर्षे परत मिळविली. 'आता सोडून काय उपयोग?' या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरांच्याच आयुष्यांनी असे दिले. जागतिक आरोग्य संघटनेनेही २००५ च्या तंबाखूविरोधी दिनासाठी आरोग्य व्यावसायिकांचा सहभाग हाच विषय निवडला होता.

सोडण्याची तयारी

तंबाखू सोडण्याचा दिवस आधी ठरविणे इष्ट असते. शक्यतो तो सुटीचा असावा, कारण पहिले तीन-चार दिवस सर्वांत अवघड जातात. त्यानंतरच्या दोन ते चार आठवड्यांत अस्वस्थता हळूहळू ओसरते. तलफेची लाट बहुधा काही मिनिटांचीच असते. तेवढा वेळ पाणी पिणे, चार पावले चालणे, दीर्घ श्वास घेणे, बडीशेप चघळणे किंवा सहकाऱ्याशी बोलणे यांपैकी काहीही उपयोगी पडते. तंबाखूची पुडी, चुन्याची डबी व काडेपेटी वाहनातून आणि खिशातून आधीच काढून टाकावी.

रात्रपाळीत काम करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. धूम्रपानामुळे शरीरात चहा-कॉफीतील कॅफिनचा निचरा लवकर होतो. सिगारेट सोडल्यावर हा वेग मंदावतो आणि पूर्वीइतकाच चहा अधिक अंगी लागतो. छातीत धडधड होते, पाळीनंतर झोप येत नाही, आणि त्याचा दोष सिगारेट सोडण्याला दिला जातो. म्हणून त्या काळात चहा निम्म्यावर आणणे हितावह असते.

ज्यांचे व्यसन जुने व तीव्र आहे, त्यांनी वैद्यकीय मदत घेण्यात संकोच मानू नये. निकोटिनयुक्त गोळी चघळून तलफ आटोक्यात ठेवता येते. मात्र ती सुपारीसारखी सतत चघळायची नसते. थोडी चावून गालात धरून ठेवायची असते. बुप्रोपिऑन व व्हॅरेनिक्लिन ही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावयाची असतात. केंद्र शासनाने तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा निःशुल्क दूरध्वनी २०१६ मध्ये सुरू केला. पुढे या सेवेचा विस्तार मुंबईसह अन्य शहरांतील केंद्रांपर्यंत करण्यात आला आणि २०१८ पासून हा क्रमांक तंबाखूच्या वेष्टनांवरही छापण्यात येऊ लागला. एखाद्याने सोडून पुन्हा सुरू केले, तर त्यास अपयशी ठरवू नये. अनेकांना दोन-तीन प्रयत्नांनंतरच यश येते. आधीचा प्रयत्न कोणत्या प्रसंगी मोडला हे ओळखले, तर पुढचा प्रयत्न अधिक बळकट होतो.

गावाचा वाटा

सेवकाने मनाशी निश्चय करावा, हे खरेच. परंतु तो निश्चय ज्या जागेवर टिकायचा, ती जागा बहुधा गावाच्या, शाळेच्या किंवा कार्यालयाच्या अखत्यारीतील असते. रुग्णवाहिका जेथे उभी राहते, तेथे सावली, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि पाठ टेकण्यापुरती एक खोली मिळाली, तर प्रतीक्षेचा वेळ पानटपरीवर घालविण्याचे कारण उरत नाही. टिटवाळ्यासारख्या ठिकाणी यात्रेच्या दिवशी भाविकांसाठी पाण्याची सोय केली जाते. त्याच वेळी बंदोबस्तावरील रुग्णवाहिकेच्या सेवकांच्या जेवणाची व विश्रांतीची आठवण ठेवणे अवघड नाही. ग्रामपंचायत सदस्य ही व्यवस्था अल्प खर्चात करू शकतात.

अधिकाऱ्यांनी पाळीच्या नियोजनात कठीण प्रसंगानंतरची काही मिनिटे मोकळी ठेवता येतील का, हे पाहावे. मृत्यू पाहून आलेल्या सेवकाशी वरिष्ठाने दोन शब्द बोलले, तर त्या क्षणी सिगारेटची जागा माणूस घेतो. तंबाखूमुक्तीची चौकशी शिस्तभंगाच्या भाषेत होऊ नये. तशी ती झाली की सवय सुटत नाही, केवळ लपविली जाते.

शिक्षकांचेही यात मोलाचे साहाय्य होऊ शकते. शाळेत प्रथमोपचाराचे प्रात्यक्षिक दाखविण्यासाठी रुग्णवाहिकेवरील डॉक्टरांना व चालकांना बोलवावे. मुले त्यांच्याकडे आदराने पाहतात. ज्याच्याकडे मुले पाहत आहेत, त्याला खिशातील पुडीचा विचार करावाच लागतो. तंबाखू सोडलेल्या सेवकाने आपला अनुभव मुलांना सांगितला, तर तो पाठ्यपुस्तकातील धड्याहून अधिक काळ लक्षात राहील.

या कामासाठी नव्या योजनेची वाट पाहण्याची गरज नाही. कायदा आहे, औषधे आहेत, दूरध्वनीची सोय आहे. उणीव आहे ती या सर्व गोष्टी रुग्णवाहिकेच्या थांब्यापर्यंत नेऊन पोहोचविण्याची. विश्रांतीच्या खोलीच्या भिंतीवर तो निःशुल्क क्रमांक ठळक अक्षरांत लिहून ठेवण्यापासून सुरुवात करता येईल. १०८ वर दूरध्वनी केला की कोणीतरी धावून येईल, असा विश्वास गावाला वाटतो. धावून येणाऱ्या सेवकाला तंबाखू सोडताना गाव आपल्या पाठीशी आहे असे वाटले पाहिजे.