सरासरीच्या पोटात काय दडलंय?

विरार लोकलमध्ये किटबॅग घेऊन चढणं म्हणजे काय, हे वसईकराला समजावून सांगावं लागत नाही. पालघरचा शार्दूल ठाकूर अशाच गाड्यांनी मुंबईची मैदानं गाठत मोठा झाला. जानेवारी २०२२ मध्ये जोहान्सबर्ग कसोटीच्या एका डावात त्याने १७.५ षटकांत ६१ धावा देऊन ७ गडी बाद केले. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध भारतीय गोलंदाजाची ही एका डावातली सर्वोत्तम कामगिरी. चेंडू मोजले तर १०७, म्हणजे साधारण दर पंधराव्या चेंडूला एक फलंदाज तंबूत.

आता जानेवारी १९६४ चं मद्रास घ्या. समोर इंग्लंड, चेंडू नाशिकच्या बापू नाडकर्णींच्या हातात. ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, बळी शून्य! त्यातली २१ निर्धाव षटकं सलग. ओळीने १३१ चेंडू पडले आणि धावफलक बापूंच्या बाजूने हललाच नाही. सरावात खेळपट्टीवर नाणं ठेवून ते त्यावरच चेंडू टाकत, असं सांगतात. या आकड्यांकडे पाहिलं की त्यावर विश्वास बसतो.

एकाने सात घेतले, दुसऱ्याने एकही नाही. तरी या दोन डावांची तुलना वाटते तेवढी सोपी नाही. गोलंदाजाची सरासरी म्हणजे एका बळीमागे दिलेल्या धावा, एवढं आपण शाळेपासून ऐकतो. पण ही सरासरी दोन आकड्यांचा गुणाकार असते: एका बळीसाठी लागलेले चेंडू आणि दर चेंडूला दिलेल्या धावा. गंमत इथून सुरू होते.

नाडकर्णींची कसोटी सरासरी २९.०७. बिशनसिंग बेदींची २८.७१, सुभाष गुप्तेंची २९.५५, चंद्रशेखर यांची २९.७४. चौघांत जेमतेम एका धावेचा फरक. नुसती सरासरी पाहणारा म्हणेल, चौघे सारखेच. आता गुणाकार उलगडा. नाडकर्णींना एका बळीसाठी १०४ चेंडू लागत, पण षटकामागे ते देत फक्त १.६७ धावा. बेदींचे चेंडू ८०, धावा २.१४. गुप्तेंचे ७६ आणि २.३४. पोलिओने बारीक झालेल्या हाताने वेगवान लेगस्पिन टाकणाऱ्या चंद्रशेखरना ६६ चेंडू पुरत, पण षटकामागे २.७० धावा जात. एक आकडा घटला की दुसरा वाढतो, आणि चौघेही एकाच मुक्कामावर! एक कंजूष, एक उधळ्या, दोघे मधले. हिशेब मात्र सगळ्यांचा सारखाच.

नाडकर्णींचा खरा जोडीदार सापडतो तो परदेशात. दक्षिण आफ्रिकेचा ट्रेव्हर गॉडार्ड. दोघेही डावखुरे अष्टपैलू, दोघांचं कसोटी पदार्पण १९५५ चं, दोघांच्या कसोट्या ४१ आणि शतक एकेकच. गॉडार्ड षटकामागे १.६५ धावा देई. बळी मात्र त्याचे १२३, बापूंचे ८८. म्हणजे कंजूषपणात बरोबरी, बळी मिळवण्यात गॉडार्ड पुढे, हे मान्य करायलाच हवं. वर्णद्वेषामुळे भारत तेव्हा दक्षिण आफ्रिकेशी खेळतच नसे, त्यामुळे हे दोघे कसोटीत कधी समोरासमोर आले नाहीत.

काळाचा प्रश्न उरतोच. साठच्या दशकातला संथ खेळ आणि आजचा खेळ एका तराजूत कसा घालायचा? अमेरिकेतल्या बेसबॉलवाल्यांनी यावर झकास तोड काढली आहे. तिथे पिचरने, म्हणजे त्यांच्या गोलंदाजाने, दिलेल्या धावा त्याच हंगामातल्या इतर पिचरांच्या सरासरीशी ताडून पाहतात; मैदानाचा लहानमोठेपणाही धरतात आणि सर्वसाधारण पिचरला १०० गुण देतात. १९६८ मध्ये बॉब गिब्सनने क्षेत्ररक्षकांच्या चुकांनी गेलेल्या धावा वगळता नऊ डावांच्या सामन्यामागे फक्त १.१२ धावा दिल्या. पेद्रो मार्टिनेझने २००० मध्ये दिल्या १.७४. आकड्यात गिब्सन सरस. पण १९६८ मध्ये सगळेच पिचर फलंदाजांना नाचवत होते, इतके की पुढच्या वर्षी पिचरचा उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणला गेला. २००० मध्ये उलट धावांचा पाऊस पडत होता. म्हणून या मापाने गिब्सनला मिळतात २५८ आणि पेद्रोला २९१.

एक गोष्ट मात्र यातल्या कुठल्याच आकड्यात मावत नाही. एका टोकाला बापूंसारखा कोणी धावा गोठवून बसला की फलंदाज वैतागून दुसऱ्या टोकाला बॅट फिरवतो, आणि बळी लागतो तिकडच्या गोलंदाजाच्या नावावर. माझ्या मते बापूंच्या ८८ बळींत असे उसने दिलेले बळी धरले, तर त्यांचा हिशेब बराच वेगळा दिसेल.

तेव्हा वसई-विरारमध्ये टेनिस बॉलच्या स्पर्धा भरवणाऱ्यांना एक विनंती. ‘बेस्ट बॉलर’चा चषक नुसते बळी मोजून देऊ नका. स्कोअरबुक उघडा, त्याच स्पर्धेतल्या सगळ्या गोलंदाजांनी षटकामागे सरासरी किती धावा दिल्या ते काढा, आणि मग आपल्या पोराचा आकडा त्याच्या शेजारी मांडून बघा.