एका टेराबाइटमधले ६९ जीबी कुठे गेले?

दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेली एक टेराबाइटची हार्ड डिस्क विंडोजच्या संगणकाला जोडली, की पडद्यावर ९३१ जीबी दिसतात. उरलेले ६९ जीबी कंपनीने खाल्ले, असा पहिला संशय येतो. ‘फॉरमॅटिंगमध्ये जातात’ हे दुकानातले ठरलेले उत्तर. दोन्ही चूक. फाइलींची नोंद ठेवायला जागा लागते हे खरे, पण ती अगदी थोडी. एक टेराबाइटच्या नेहमीच्या डिस्कवर १०,००,२०,४८,८६,०१६ बाइट असतात, म्हणजे कबूल केलेल्या एक लाख कोटींपेक्षा किंचित जास्तच. तूट येते ती भागाकारात. कंपनी १०० कोटी बाइटांना एक जीबी म्हणते. विंडोज १,०२४ने तीनदा भागते, म्हणजे त्याच्या हिशेबी एक जीबी १,०७,३७,४१,८२४ बाइटांचा होतो. एक लाख कोटींना या आकड्याने भागले की ९३१.३ येतात. माल पुरा आहे. मापे दोन आहेत आणि दोन्हींवर शिक्का मात्र एकच. माझ्या मते यात खोट आहे ती १,०२४ने मोजूनही ‘जीबी’ लिहिणाऱ्याची.

१,०२४ हा आकडा कुणाच्या लहरीतून आलेला नाही. मेमरीच्या चिपमधला प्रत्येक कप्पा गाठायला पत्ता लागतो आणि तो पत्ता तारांवरून जातो. प्रत्येक तारेवर शून्य किंवा एक. दहा तारा असल्या की १,०२४ वेगवेगळे पत्ते बनतात. अकरावी तार जोडली की ते दुप्पट होतात. म्हणून रॅम ८ जीबी, १६ जीबी, ३२ जीबी अशी मिळते आणि तिथे दोनाच्या घातातले माप सोयीचेच आहे. १,०२४ हजाराच्या जवळ, म्हणून अभियंत्यांनी त्याला ‘किलो’ म्हणून टाकले. वास्तविक किलो म्हणजे नेमके हजार, हे मेट्रिक पद्धतीत अठराव्या शतकाच्या अखेरीसच ठरलेले होते. संगणकाची सगळी मेमरी ६४ केबी असण्याच्या काळात २.४ टक्क्यांचा फरक कुणाला बोचला नाही. पण चक्रवाढ व्याजासारखा तो प्रत्येक पायरीवर फुगतो: मेगाबाइटला ४.९ टक्के, गिगाबाइटला ७.४, टेराबाइटला जवळजवळ १० आणि पेटाबाइटला १२.६.

यावर जाणकारांचा आक्षेप ठरलेला असतो: संगणकाचे अस्सल माप १,०२४चेच, डिस्क कंपन्यांनी आकडा मोठा दिसावा म्हणून हजाराचे माप आणले. मोठा आकडा कंपन्यांच्या पथ्यावर पडतो, हे मान्य. पण इतिहास या आक्षेपाला साथ देत नाही. १९५६ साली आयबीएमने आणलेल्या रॅमॅक या पहिल्या व्यापारी डिस्क-यंत्राची क्षमता ५० लाख अक्षरे अशी साध्या दशमान आकड्यातच सांगितली जाई. डिस्कची एकूण क्षमता तबकड्या, त्यांवरची वर्तुळे आणि वर्तुळांतले तुकडे यांवरून ठरते. ती दोनाच्या घातात यावी असे काहीच कारण नाही. नेटवर्कचा वेगही हजारानेच मोजतात. खरा घोळ पाहायचा तर १.४४ एमबीची फ्लॉपी पाहावी. तिच्यावर १,४४० गुणिले १,०२४, म्हणजे १४,७४,५६० बाइट बसत. हजाराच्या मापाने हे १.४७ एमबी होतात, १,०२४च्या मापाने १.४१, १.४४ दोन्हीकडून येत नाही, कारण एकदा १,०२४ने आणि एकदा हजाराने भागले आहे. अमेरिकेत ग्राहकांनी याच फरकावरून डिस्क कंपन्यांवर दावे लावले. २००६ आणि २००७ मध्ये वेस्टर्न डिजिटल व सीगेट यांनी तडजोड केली. खोक्यांवर ‘१ जीबी = १०० कोटी बाइट’ अशा अर्थाची बारीक अक्षरांतली ओळ आता सर्रास दिसते.

उपाय १९९८ सालीच सुचवला गेला. आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १,०२४च्या मापांना किबी, मेबी, गिबी, टेबी अशी वेगळी नावे दिली. ‘गिबीबाइट’ बोबडे वाटते, कोण म्हणणार, हा दुसरा आक्षेप. बोलू नका हवे तर. पडद्यावर छापायला काय हरकत आहे? लिनक्सवरचे कितीतरी प्रोग्राम तसे छापतात. अ‍ॅपलने दुसरी वाट धरली: २००९च्या स्नो लेपर्ड या आवृत्तीपासून मॅकवर हजारानेच मोजणी होते आणि तीच डिस्क तिथे पुरी एक टेराबाइट दिसते. विंडोज मात्र अजून मोजते गिबीबाइट आणि लिहिते जीबी. रॅममुळे १,०२४चे माप मोडीत काढता येणार नाही, म्हणून तर त्याला स्वतःचे नाव हवे.

इंटरनेटच्या वेगाच्या जाहिरातीत आणखी एक गल्लत होते. तिथला आकडा बिटांचा असतो आणि आठ बिट मिळून एक बाइट. १०० एमबीपीएसची जोडणी सेकंदाला फार तर १२.५ मेगाबाइट आणते. एक जीबीची फाइल उतरायला किमान ८० सेकंद लागणार. शाळेत शिकवलेले ‘एक बाइट म्हणजे एक अक्षर’ हेही मराठीला लागू नाही. वेबवर सर्वत्र चालणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘महाराष्ट्र’ या शब्दात काने आणि हलन्त धरून दहा चिन्हे, म्हणजे ३० बाइट. रोमन लिपीत तोच शब्द ११ बाइटांत मावतो.

हिशेबापुरते इतके पुरे: खोक्यावरच्या जीबीला ०.९३ने आणि टीबीला ०.९१ने गुणले की १,०२४च्या मापातला आकडा मिळतो. एका डिस्कवरचा सगळा ऐवज दुसरीवर हलवायचा असेल, तर जीबीवर विसंबू नये. विंडोजमध्ये ड्राइव्हवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज उघडले की जीबीच्या शेजारी पूर्ण बाइटसंख्याही दिलेली असते. दोन्ही डिस्कची तीच ताडून पाहावी.