दोन पन्नास

शहागडला धावपट्टी नाही. मुरमाड मैदान आहे आणि त्यावर फक्की मारून आखलेला दोनशे मीटरचा फेरा. फक्की रोज टाकणं परवडत नाही, म्हणून वळणांवर फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे ठेवलेत. चार फेरे झाले की 800 मीटर. उजाडायच्या आत सोलापूर-धुळे महामार्गावरच्या ट्रकांचा आवाज येतो, उसाच्या गाड्यांचाही. गोदावरी इथून जवळच.

मुलगी बारावीत आहे. स्पाइक्स आहेत, पण ते पिशवीतच. या मुरमावर खिळे महिन्याभरात बोथट होतील. सराव साध्या बुटांवर चालतो. आज चारशेचे पाच तुकडे, मध्ये तीन मिनिटं विश्रांती. घड्याळ वडिलांच्या मोबाइलमध्ये. ते स्वतःच "चल!" म्हणतात आणि बोट दाबतात.

पहिला 78 सेकंद, दुसरा 77. तिसऱ्यात शेवटच्या वळणावर तिचे खांदे कानांकडे चढू लागले, मुठी आवळल्या. आठशेची खरी परीक्षा इथेच असते. पाय दमतात ते दिसतं, पण वेग आधी हातांत अडकतो. "हात सोड, हात!" वडील ओरडले. 79. चौथ्याला 76 आले, तसे ते खूश झाले. ती मात्र गुडघ्यांवर हात टेकून म्हणाली, "पप्पा, हा धरू नका. डब्याच्या आतून आले मी."

"दोन पावलांनी काय होतंय?"

"वहीत नाही लिहायचा."

वहीत खरंच लिहिला नाही. धाकटा भाऊ पाण्याची बाटली घेऊन उभा होता, त्यानं 76 चा आकडा तेवढा बोटानं धुळीत काढून ठेवला.

या घरात हिशेब अनेकांचा चालतो. म्हशीचं अर्धा लिटर दूध डेअरीला न जाता घरी राहतं. आई ते महिन्याला किती होतं हे तोंडपाठ सांगते, तक्रार म्हणून नव्हे, पण सांगते. सकाळी मोड आलेली मटकी, शेंगदाणे, गूळ. कापसाची वेचणी सुरू झाली की पोरीच्या वाटणीची ओळ आईच वेचते. कौतुकाचे शब्द मी ऐकले नाहीत. मला वाटतं, आपण पाठिंबा म्हणतो तो बहुतेक घरांत असाच असतो.

वडिलांचा आकडा एकच: 2 मिनिटं 50 सेकंद. पोलीस भरतीत मुलींना 800 मीटर तेवढ्यात पळलं की 20 पैकी 20 गुण. पोरगी आजच 2:36 ला येते. म्हणजे त्यांच्या लेखी मैदान मारलं, आता गोळाफेक आणि लेखी परीक्षेकडे बघायचं. त्यांचं चूक नाही. नदीपलीकडच्या बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा, वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापांचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यातच गेला होता. स्टीपलचेस त्याला तिथे सापडली. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याचं सुवर्ण 0.05 सेकंदानं हुकलं, हे इथल्या पोरांना पाठ आहे. नोकरी आधी, खेळ मग, ही वाट डोळ्यांसमोर आहे.

पोरीचा हिशेब वेगळा. तिला छत्रपती संभाजीनगरला बी.ए. करायचंय, विद्यापीठाच्या संघातून 'अश्वमेध' या आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरायचंय, पुढे बी.पी.एड. करून शाळेत शिकवायचंय. त्या मैदानात 2:36 ला कुणी विचारत नाही. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे खरं, पण पडताळणीत स्पर्धेचा दर्जा बघतात. तालुका-जिल्ह्याच्या पदकांवर ते मिळत नाही. एकच वेळ, बापाला पुरेशी आणि लेकीला अपुरी.

पाचवा तुकडा ती डब्याच्या बऱ्याच बाहेरून पळाली. 80. तो मात्र वहीत गेला.

निघताना वडिलांनी मला बाजूला घेतलं. "सर, होस्टेलला वर्षाचा किती खर्च येतो, ते नीट विचारून सांगा. पण भरती निघाली तर मी तिला थांबवणार नाही बरं का."

ती बुटांतले खडे झटकत होती. "भरतीला अठरा पूर्ण लागतात, पप्पा," मान वर न करता म्हणाली. "मला अजून वर्ष आहे. तोवर फॉर्म तर कॉलेजचाच भरायचाय ना?"